मगदूम अण्णांचं वाकडं कुंपण

मगदूम अण्णांनी घातलेलं कुंपण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडीतून उतरून नुसती बघत राहिले. ते वाकडं होतं. थोडंथोडकं नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकडं. चार पावलं उजवीकडे जायचं, पुन्हा चार पावलं डावीकडे यायचं, मग पुन्हा उजवीकडे. एखाद्या लहान मुलाने पाटीवर डोंगर काढत जावं तसं ते नीलगिरीच्या वाशांचं कुंपण शेताभोवती फिरलं होतं. आणि ते घालणारा माणूस कोण, तर ज्याने सारी हयात बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळली आणि केसाएवढा बाक दिसला तरी काम परत पाठवलं, तो.

अण्णा आता नाहीत. ते गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, वैशालीने केला, तेव्हा मी बेंगळुरू सोडून पुण्याला परत आले होते. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर यायला हवा होता. पण आलं ते कुंपणच.

मी त्या कारखान्यात क्वालिटी विभागात लागले तेव्हा आजूबाजूला कन्नड, तमिळ आणि कामापुरतं हिंदी. पहिल्याच आठवड्यात डबा उघडून एकटी बसले होते, तर मागून आवाज आला, "थालीपीठ हाय न्हवं?" वळून पाहिलं तर करड्या मिशांचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा माणूस. "कुठल्या तुम्ही?" म्हणाले. पुण्याची, म्हटलं. "सरी. मग आजपासून पुणेकर." त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही.

ते निपाणीचे. "आम्ही सीमेवरची माणसं," असं म्हणायचे. "भांडायचं मराठीत, मिटवायचं कन्नडात." प्रत्यक्षात मी त्यांना भांडताना कुठल्याच भाषेत पाहिलं नाही. समोरचा बोलायला लागला की ते पूर्ण ऐकून घेत, मध्येच तोंड घालत नसत, आणि शेवटी एकच शब्द म्हणत, "सरी." कन्नडातला हा 'बरं' त्यांच्या तोंडी दहा तऱ्हांनी यायचा. कामगारांना त्या शब्दाचा नुसता सूर ऐकून कळायचं, की रजा मंजूर झाली की काम पुन्हा करायचं आहे.

कुठल्याही वस्तूला ते आधी हाताची मागची बाजू लावत. मशीनमधून निघालेला तुकडा गरम आहे की नाही हे बघायची ती कारखान्यातली सवय. पण कँटीनमधला चहाचा पेला, नवीन मुलाचं कपाळ, मोटारसायकलची सीट, सगळ्यांना ते तसाच उलटा हात लावायचे. मग सुलटा.

त्यांची एक गोष्ट कारखान्यात बरेच दिवस सांगितली जात होती. एका प्रेसवर कुणाचा हात जाऊ नये म्हणून नवी लोखंडी जाळी बसवली होती. माणसं ती जाळी वर करून तारेने बांधून ठेवायची. साहेबांनी दम दिला, नोटिसा लावल्या, तरी जाळी वरच. शेवटी अण्णांना सांगितलं. अण्णा एक अख्खी शिफ्ट त्या मशीनजवळ स्टूल टाकून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी काढून तिथे आरपार दिसणारा प्लास्टिकचा जाड पत्रा बसवला आणि मूठ खाली घेतली, म्हणजे माणसाला वाकावं लागणार नाही. मग कुणी तो वर बांधला नाही.

साहेबांनी विचारलं, "हे कसं सुचलं?"

"साहेब, समोर आडवं काही दिसलं की माणूस ते काढायलाच बघतो," अण्णा म्हणाले. "आमच्या घरात पण तसंच चाललंय."

शेवटचं वाक्य कुणाला कळलं नाही. मला ते पुढे काही महिन्यांनी कळलं.

त्यांच्या बायकोला, शालनकाकूंना, विसरायचा आजार जडला होता. सुरुवातीला भाजीत दोनदा मीठ, नळ उघडाच, एवढंच. मग एकदा नात्यातल्या लग्नासाठी साडी घ्यायला दोघं चिकपेटेत गेली आणि गर्दीत काकूंचा हात सुटला. अण्णा गल्ल्यांमधून हाका मारत फिरले. काकू सापडल्या एका साडीच्या दुकानात, गादीवर मांडी घालून, पुढ्यात साड्यांचा ढीग आणि हातात चहा. दुकानदार जुन्या बेंगळुरी मराठी घरातला. तो म्हणाला, "अण्णा, काळजी करू नका. अक्का निवांत बसल्यात. घर कुठं विचारलं की निपाणी म्हणत्यात."

त्यानंतर अण्णा बाहेर पडताना फ्लॅटला बाहेरून कुलूप लावू लागले. दुसरा इलाज तरी काय होता?

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर जिन्यातच दारावरच्या थापा ऐकू आल्या. आतून काकू ओरडत होत्या, "कोण हाय का? सोडा की मला!" शेजारच्यांची दारं बंद होती. त्यांना बहुधा सवय झाली असावी. मी बाहेरून काही तरी समजावत उभी होते, तेवढ्यात अण्णा दुधाची पिशवी घेऊन वर आले. कुलूप काढलं. काकूंचे तळवे लालभडक झाले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, "पाव्हणं, मी काय चोरी केलीया का?"

अण्णांनी काकूंचे हात आपल्या हातात घेतले, आधी उलट्या हाताने चाचपले, मग सुलट्या. त्या घराला बाहेरून लावलेलं कुलूप मी पुन्हा पाहिलं नाही. निवृत्तीला अवकाश होता, तरी त्यांनी नोकरी सोडली आणि शहराबाहेर होसकोटेच्या पलीकडे, आंबे लावायचे म्हणून कधीकाळी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर दोन खोल्यांच्या घरात ते काकूंना घेऊन राहायला गेले.

तिथेच ते कुंपण उभं राहिलं.

"अण्णा, हे असं का?" मी विचारलं.

"खाली सगळा खडक हाय, पुणेकर. वीतभर माती, मग पत्थर. खांब कुठं रोवायचा?" मग म्हणाले, "कंपनीनं मशीन शिकायला अमेरिकेला धाडलं होतं बघ मला. तिथं एका डोंगराकडच्या गावात असलं बघितलेलं. जमीन दगडाची, लाकूड मायंदाळ. खांब नाही, खिळा नाही. वाशावर वासा आडवा ठेवत जायचं, आणि टोकं एकमेकांत गुंफायची." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून दाखवली. "सरळ रचलं तर वाऱ्यानं पडंल. वाकडं रचलं की आपल्याच वजनानं उभं राहतंय."

काटेरी तार त्यांनी घेतली नाही, कारण काकू दिसेल ते धरायच्या. त्या भागात सगळे लावतात तशा दगडी फरश्याही उभ्या केल्या नाहीत. भिंतीचं तर नाव काढायचं नाही. नीलगिरीची झाडं आसपास हवी तेवढी. शेजारचा शेतकरी नंजप्पा आणि अण्णा, दोघांनी मिळून वासे पाचरी मारून उभे चिरले, प्रत्येक कोपऱ्याखाली एकेक दगड ठेवला, खालच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल फासलं. सगळ्यात वरच्या वाशाला मात्र ऑइल नाही. तो अण्णांनी पॉलिशपेपरने घासून घासून मऊ केला होता आणि जवसाच्या तेलाने पुसला होता. असे शेताभोवतीचे सगळे वरचे वासे.

नंजप्पा आधी खूश नव्हता. असल्या कुंपणाला जागा फार लागते, आणि त्याचे कोपरे आपल्या नाचणीत घुसणार अशी त्याला धास्ती. गावातल्या लोकांना आणून त्याने ते दाखवलं. कन्नडात कुंपणाला बेली म्हणतात आणि वाकड्याला सोट्टा, तेव्हा त्याचं नाव पडलं सोट्टा बेली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी." मग सगळं कुंपण उचलून आत घेतलं. बाहेर निघालेला एकूण एक कोपरा त्यांच्याच हद्दीत. बाहेरच्या बाजूला जी तिकोनी खळगी उरली ती त्यांचीच जमीन, पण ते नंजप्पाला म्हणाले, यात तू लाव काय लावायचं ते. नंजप्पाने अवरे, म्हणजे आपले पावटे, लावले. थंडीत त्या शेंगांच्या वेली कुंपणावर चढायच्या आणि शेंगांचा वास घरापर्यंत यायचा. त्यानंतर नंजप्पाची बायको सकाळची भाकरी या घरी पोचवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही.

कुंपणाचा खरा उपयोग मी दुपारी पाहिला. काकू झोपून उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. कुंपणाशी गेल्या, वरच्या मऊ वाशावर तळवा ठेवला आणि चालू लागल्या. कोपरा आला, वळल्या. पुन्हा कोपरा, पुन्हा वळल्या. वाटेत कुठे दार लागत नव्हतं, कुठे भिंत समोर येऊन उभी राहत नव्हती. फटींतून पलीकडचं रान दिसत होतं, तळ्याचा बांध दिसत होता, बकऱ्या दिसत होत्या. शेताला फेरी घालून त्या परत आल्या तेव्हा दमलेल्या होत्या आणि चेहरा शांत होता.

"लांब हाय हो रस्ता," त्या मला म्हणाल्या.

अण्णा ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हे सगळ्यांना पटत होतं असं नाही. वैशाली बेंगळुरूतच व्हाइटफील्डला मोठ्या नोकरीत होती. दर शनिवारी गाडी काढून यायची, आईची नखं कापायची, डोकं विंचरायची, औषधं लावून द्यायची, आणि जाताना वडिलांशी तिचा तोच वाद व्हायचा. तिच्या घराजवळ अशा आजाराच्या माणसांसाठी एक चांगलं केंद्र होतं. तिथे नर्स होत्या, डॉक्टर होते.

"आणि दाराला?" अण्णा विचारायचे.

"दाराला कोड आहे, अण्णा. असणारच ना. ते तिच्या भल्यासाठीच आहे."

"सरी," अण्णा म्हणायचे, आणि त्या 'सरी'चा अर्थ 'नाही' असा होता.

"तुम्ही एकटे किती पुरणार आहात?" एकदा ती माझ्यासमोरच रडकुंडीला आली. "उद्या हिला काही झालं तर? त्या कुंपणाला साधं फाटकसुद्धा नाही!"

फाटक खरंच नव्हतं. आतबाहेर करायचं तर एका ठिकाणचे वासे सरकवून बाजूला ठेवायचे आणि मागून परत चढवायचे. वैशालीला भीती होती तेच पुढे घडलं. एका दुपारी अण्णा पंपाजवळ होते. काकू चालत कुंपणापाशी आल्या, वरचा वासा उचलला, खाली ठेवला. मग त्याखालचा. मग त्याच्याखालचा. एकावर एक नीट रचून ठेवले, जसं नंजप्पाची बायको रोज ठेवायची. आणि अनवाणी निघून गेल्या.

मला वैशालीचा फोन आला तेव्हा ती गाडीतच होती. मी पोचले तोवर काकू सापडल्या होत्या. नंजप्पाने मोटारसायकलवरून सगळे रस्ते पालथे घातले, तेव्हा मोठ्या रस्त्यावरच्या बस थांब्यावर फुलं विकणाऱ्या बायकांच्या मध्ये त्या बसलेल्या दिसल्या. निपाणीच्या गाडीची वाट बघत होत्या. एका बाईने त्यांच्या केसांत गजरा माळला होता. भर उन्हात डांबरावरून चालून दोन्ही तळपायांना फोड आले होते आणि ते फुटले होते.

वैशाली आईच्या पायांना मलम लावत खाली बसली होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, इकडे या. हे पाय बघा."

अण्णांनी पाहिले. बराच वेळ पाहिले. त्या दिवशी ते 'सरी' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तारेचं भेंडोळं आणलं आणि प्रत्येक कोपरा तारेने आवळून टाकला. पुढचं मला नंजप्पाने सांगितलं. काकूंचे पाय बरे झाल्यावर त्या पुन्हा कुंपणाशी गेल्या, तर आता त्यांनी फेरी घालणंच सोडलं. जिथून त्या बाहेर पडल्या होत्या त्याच जागी उभ्या राहायच्या आणि वरचा वासा हलवत राहायच्या. वासा हलायचा नाही. सकाळी हलवायच्या, दुपारी हलवायच्या. हाक मारली तरी वळायच्या नाहीत. "फ्लॅटच्या दारावर जशा थापा मारायची तशीच," असं अण्णा नंजप्पाला म्हणाले. नंजप्पाला तो फ्लॅट माहीत नव्हता, पण अण्णांचा आवाज त्याच्या लक्षात राहिला.

मग एका दुपारी अण्णा पक्कड घेऊन गेले आणि काकूंच्या शेजारी उभं राहून तिथली तार कापली. वासे एकेक करून उतरवले. काकूंच्या वहाणा त्यांच्या पायांत घातल्या, डोक्यावर पदर दिला.

"कुठं निघालात?" त्यांनी विचारलं.

"निपाणीला," काकू म्हणाल्या.

"चला. मला पण तिकडंच जायचंय."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. ऊन उतरायला लागलं की दोघं निघायची. एकदा मीही त्यांच्या मागून गेले. काकू पुढे, अण्णा अर्धं पाऊल मागे, हातात पाण्याची बाटली आणि पिशवीत दोन केळी. काकू त्यांना 'पाव्हणं' म्हणायच्या आणि वाटभर बोलायच्या.

"आमचं मालक बेंगळुरात असत्यात. कारखान्यात."

"व्हय का?"

"लई कमी बोलत्यात."

"स्वभाव असंल एकेकाचा."

"पण वाईट न्हाईत," काकू म्हणाल्या, आणि थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "वाईट न्हाईत."

अण्णांनी तोंड नंजप्पाच्या शेताकडे वळवलं आणि तसेच चालत राहिले.

तळ्याच्या बांधावर काकू दमल्या. खाली बसल्या, केळं खाल्लं. अण्णा म्हणाले, "निपाणी लांब हाय अजून. आज मुक्काम करू या का? इथं जवळच ओळखीचं घर हाय." काकूंनी विचार केला आणि मान डोलावली. मग त्यांनी काकूंना हात देऊन उठवलं आणि त्या ओळखीच्या घरी, म्हणजे त्यांच्याच घरी, परत आणलं. काकू दारात थबकल्या, पदर सारखा केला आणि पाहुण्या घरात शिरावं तशा संकोचून आत गेल्या.

वैशालीला हे कळल्यावर ती एक शनिवार दुपारची थांबली आणि त्यांच्याबरोबर गेली. परत आल्यावर तिने केंद्राचा विषय काढला नाही. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करायची, ते दोन्ही दिवस तिने लॅपटॉप घेऊन तिकडेच राहायचं ठरवलं. अण्णांनाही आता धाप लागायची, चालताना मध्येच थांबावं लागायचं. काही बोलणं न होता दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या. वडील गेले नाहीत त्या दिवशी मुलगी निपाणीला निघायची.

काकू थंडीत गेल्या. आधी साधा खोकला, मग छातीत कफ. शेवटचे काही दिवस त्या अंथरुणातच होत्या आणि उशीवर हात फिरवत असायच्या. गेल्या त्या घरातच, दुपारी, दार उघडं असताना. मी पोचले तेव्हा अण्णा ओसरीच्या पायरीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "शेवटाला ओळखलं बघ तिनं मला. अहो म्हणाली."

ओळखलं होतं की नाही, ते मी वैशालीला कधी विचारलं नाही.

पुण्याला जायचं माझं नक्की झालं तेव्हा निरोप घ्यायला गेले. आभाळ निवळलेलं होतं. अण्णा मुलीकडे राहायला जाणार होते आणि त्या दिवशी कुंपण उतरवणं चाललं होतं. वासे विकायचे नव्हते. नंजप्पाला मेंढ्यांचा वाडा करायला हवे होते. बराच भाग निघाला होता, आणि जिथून तो निघाला तिथे मातीवर दगडांची वाकडीतिकडी ओळ तेवढी उरली होती.

"चहा ठेव की, पुणेकर," अण्णा मला म्हणाले, जणू मी रोजच येत होते.

मी चहा केला. अण्णा, वैशाली आणि मी, आम्ही तिघं कोपऱ्यातल्या दगडांवर बसून तो प्यायलो. पुण्यात आता थंडी असेल का, असं त्यांनी विचारलं. आई कशी आहे विचारलं. पेला खाली ठेवून ते उठले. मी पाया पडले, तर माझ्या डोक्याला आधी उलटा हात लागला, मग सुलटा.

गाडीत बसून वळून पाहिलं. एका लांब वाशाचं एक टोक वैशालीच्या खांद्यावर होतं, दुसरं अण्णांच्या. दोघं नंजप्पाच्या शेताकडे चालली होती. ती पुढे होती आणि तिची चाल भराभर होती, त्यामुळे वासा मागून ओढला जात होता. अण्णांनी काही तरी म्हटलं असावं, किंवा म्हटलंही नसेल. ती थांबली. मागे न बघता तिने खांद्यावरचं टोक सारखं केलं, आणि मग त्यांच्या पावलाने, सावकाश, चालायला लागली.